बावन्न सेकंद

चप्पल माझी होती.
डाव्या पायाची, अंगठ्याला टाका घातलेली
शनिवार खुटावरच्या मोच्यानं.
भरमा म्हणाला, दे की लवकर.
उजव्या हातात मोबाइल होता,
म्हणून डाव्यानं दिली.

सेमीफायनल. वडगाव विरुद्ध कॅम्प.
लाल माती, चुन्याची रेघ अर्धी पुसलेली,
आणि त्या रेघेवर सिल्वेस्टर अंकल,
हेस्कॉममधून रिटायर, पासष्टीचे,
गुडघ्याला क्रेप बँडेज,
झेंडा वर.

ऑफसाइड.
आमचा गोल गेला.

मग पोरं उठली. शेंगांची टरफलं, पाण्याच्या पिशव्या,
आयमाय दोन्ही भाषांत.
शिव्यांचा सीमावाद आमच्यात कधीच नव्हता.
चप्पल फिरत फिरत गेली
आणि कानाजवळ लागली.
चष्मा पडला. तेवढं सुरेख आलं,
फोकस जराही हलला नाही.

रात्री कापत बसलो.
बावन्न सेकंदांतले अकरा ठेवले.
सुरुवातीचा पास कापला,
त्यात आमचा मल्लू अर्धं पाऊल पुढं दिसत होता.
माझा आवाज कापला, "हाण, हाण की अजून",
ओळखू येत होता.
शेवटही कापला. त्यात अंकल वाकून
बराच वेळ मातीवर हात फिरवत होते.
वर लिहिलं, विकाऊ पंच,
आणि जाळाची तीन चित्रं.

सकाळपर्यंत व्हिडिओ पलीकडं गेला.
कोगनोळीच्या नाक्यावर त्याला कोण अडवणार?
कोल्हापुरात तो कन्नड पंच झाला,
मराठी पोरांवर उठलेला.
हुबळीत तो मराठी पंच झाला,
त्याला बसमध्ये घालून पाठवायचा बेत ठरला.
घरात कोकणी बोलणारा माणूस,
बाजारात मराठी, ऑफिसात कन्नड,
देवाशी कुठल्या भाषेत, मला ठाऊक नाही.

भरमाचं तोंड दिसत होतं. माझं नव्हतं.
त्याला पोलिसांनी नेला, दोन दिवस ठेवला,
तो माझं नाव बोलला नाही.
मला चार हजार जणांनी फॉलो केलं.

गुरुवारी अंकल दुकानात आले.
खडेबाजारात माझं दुकान: स्क्रीनगार्ड, चार्जर, सिम.
चष्मा नवा होता, कानामागची पट्टी जुनी.
मोबाइल काचेवर ठेवून म्हणाले,
"बाबा, ह्याच्यात तो व्हिडिओ सारखा यायलाय.
बंद करून दे बघ.
नात बघायलीय माझी."

मी घेतला. सेटिंगमध्ये उगाच आतबाहेर केलं.
एक ग्रुप म्यूट केला, दुसरा केला,
तोवर तिसऱ्यात आला, गाणं लावून,
चप्पल पुन्हा पुन्हा, मग उलटी,
कानापासून निघून हातात परत येणारी.
तो उलटा भाग मी दोनदा बघितला.

"झालं?"
झालं, म्हणालो.
"किती?"
काही नको, अंकल.
"होगली बिडो, घे," आणि विसाची नोट काचेवर.
पायरीवर थांबले, गुडघा धरून.
"अर्धं पाऊल पुढं होता तो.
तू होतास काय रे मॅचला?"

नाही, म्हणालो.

उजवी चप्पल कॉटखाली आहे अजून.
आई म्हणते, जोडी नाही तर टाक की एकदाची.
बावन्न सेकंदही तसेच आहेत मोबाइलात.
टाकावे म्हणतो, अख्खेच्या अख्खे.
रोज रात्री बोट तिथवर जातं.
जागा भरत आलीय, फोन सांगतो,
जुनं काही डिलीट करायचं का, विचारतो.

मी "नंतर" दाबतो.